विद्यार्थ्यांच्या नोंदी : एक विश्वासाची ठेव

मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टरात त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात यांची नोंद होते. पुढे हजेरीपत्रक, प्रगतिपत्रक व आरोग्य-तपासणीचा तक्ता यांची तीत भर पडते. अलीकडे यांपैकी पुष्कळशी माहिती आधार क्रमांकासह ‘सरल’ व ‘यू-डायस प्लस’ या प्रणालींवरही भरावी लागते. पूर्वी दप्तर कपाटात कुलूपबंद असे; आता त्याचा बराच भाग शिक्षकाच्या खिशातील मोबाइलमध्ये वावरतो. साधन बदलले, तरी ही माहिती मुलाची असून त्याच्या हितासाठी आपल्याकडे ठेव म्हणून आलेली आहे, ही गोष्ट बदललेली नाही.

नोंदी नकोतच, असा याचा अर्थ नव्हे. दिवाळीनंतर हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या की कोणते कुटुंब ऊसतोडीला गेले हे कळते आणि मुलाला शिक्षण हमी पत्र देऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसविता येते. जनरल रजिस्टरातील जन्मतारीख तर माणसाला आयुष्यभर पुरते. म्हणून नोंद बिनचूक असावी, हे पहिले कर्तव्य. आणि ती जेथे हवी तेथेच वापरावी, हे दुसरे.

या दुसऱ्या कर्तव्यात मी स्वतः चुकलो आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका खेड्यात शिक्षक असताना उपस्थिती भत्त्यास पात्र मुलींची यादी मी जातीसह वर्गात मोठ्याने वाचीत असे. काही महिन्यांनी एक मुलगी नेमकी वाटपाच्या दिवशी गैरहजर राहू लागली. घरी चौकशी केली तेव्हा तिची आई म्हणाली, “गुरुजी, पैसे नसले तरी चालतील, पण पोरीची जात चारचौघांत वाचू नका.” यादी खरी होती, हेतूही चांगला होता, परंतु वाचण्याची जागा चुकली होती. त्या वाचनाला निदान वर्गाच्या चार भिंती तरी होत्या. आज अशाच यादीचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले, तर ते कोठवर जाईल हे कोणासच सांगता येणार नाही, आणि ते परत घेता येणार नाही.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येणार नाही व आधार नाही म्हणून कोणतेही मूल योजनेच्या लाभापासून वंचित राहू नये, असे त्याच न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे, हा सर्वसाधारण दंडक ठेवला आहे. त्याचे नियम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करावयाच्या आहेत.

दैनंदिन कामात शिक्षकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मागितली असेल तेवढीच माहिती घ्यावी. ती कशासाठी हवी, हे पालकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे व मगच सही अथवा अंगठा घ्यावा.

२. आधार क्रमांक, बँक खाते, जात व आजार यांच्या याद्या फलकावर अथवा मोबाइलच्या गटावर लावू नयेत. ज्याची बाब त्यालाच सांगावी.

३. प्रणालीचा पासवर्ड सायबर कॅफेत देऊन येऊ नये. तेथे काम करणे भाग पडल्यास स्वतः बसावे, आणि उठताना लॉगआउट करून उतरविलेल्या फाइली पुसून टाकाव्यात.

४. गणवेश किंवा मदत स्वीकारताना मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. दात्यास शाळेची पोचपावती पुरेशी आहे.

५. खासगी शिकवणी अथवा विक्रेते पालकांचे दूरध्वनी क्रमांक मागतात. ते देऊ नयेत.

६. वजन अगर गुण कमी असल्यास ते मुलाशी व पालकांशी एकांतात बोलावे. त्यावरून मुलास नाव ठेवू नये.

या कामास जास्तीचा निधी लागत नाही. थोडी सावधगिरी पुरते. गावातील आईबाप आपले मूल व त्याची माहिती एकाच विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करतात. मुलास आपण जपतोच. त्याच्या माहितीसही त्याच आस्थेने जपावे.