पहिले साठ फूट

लेखमाला : चाकाखालची जमीन, भाग 7

रोवणीच्या दिवसांत मोहाडीच्या आसपास कुठल्याही धुऱ्यावर उभं राहा, हे दिसतंच. चिखलणी करता करता ट्रॅक्टर धानाच्या बांधीत फसतो. चालवणारा नवखा असला की तो रेस वाढवतो. मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, चिखल उडतो आणि ट्रॅक्टर आणखी वीतभर खाली बसतो. मग धुऱ्यावरून काका ओरडतात, "रेस कमी कर रे बाबू, चाक जागीच फिरून राह्यलं!" पोरगा रेस उतरवतो, रोटाव्हेटर वर उचलतो. अवजाराचं वजन मागच्या चाकांवर येतं, चाकाला जमीन सापडते आणि ट्रॅक्टर हळूच पुढे सरकतो.

टर्बो लावलेली ड्रॅग शर्यतीची गाडी जुळवणाऱ्याचं कामही हेच. ताकद आवरायची आणि वजन चाकावर आणायचं. फक्त हे सगळं त्याला एक-दीड सेकंदात साधावं लागतं.

ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, गाठायचा. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. शंकरपट पाहिलेल्याला यातली गोम लगेच कळेल. पटाच्या दानीवर बैलजोडी सुटताना अडखळली, तर पुढे कितीही पळाली तरी घड्याळ माफ करत नाही. ड्रॅगवाले म्हणूनच पहिल्या 60 फुटांची, म्हणजे जेमतेम 18 मीटरची वेळ वेगळी मोजतात. तिथे वाचलेला सेकंदाचा एक दशांश शेवटच्या रेषेवर दीड-दोन दशांश होऊन परत येतो, असा त्यांचा ठोकताळा आहे.

टर्बोची अडचण इथेच सुरू होते. मागच्या भागात पाहिलं की टर्बोची पाती इंजिनाच्या धुरावर फिरतात आणि इंजिनात हवा दाबून भरतात. गाडी उभी असताना धूर थोडा, म्हणून दाबही थोडा. सुटण्याआधी दाब तयार ठेवायचा, तर संगणक इंजिनाचे फेरे एका आकड्यावर, समजा 4000 वर, धरून ठेवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. जळण सिलिंडरमध्ये पुरतं संपत नाही. ते जळतच एक्झॉस्टमध्ये जातं आणि पात्यांना ढकलतं. ते फटाक्यांसारखे आवाज याचेच. पण टर्बो आणि व्हॉल्व्ह दोन्ही प्रचंड तापतात, म्हणून हा खेळ दोन-चार सेकंदांचाच.

आता दाब तयार आहे, आणि तो सगळा एकदम सोडला तर चाक बांधीतल्या ट्रॅक्टरसारखंच जागी फिरणार. म्हणून सुटताना दाब कमी ठेवून तो वेळेनुसार चढवतात. इथे एका साध्या स्प्रिंगवर पुष्कळ जण अडतात. जादा धूर बाजूने सोडणाऱ्या वेस्टगेटची स्प्रिंग 15 पीएसआयची असेल, तर नुसता बूस्ट कंट्रोलर लावून दाब त्याखाली धरता येत नाही. सुटताना 8 पीएसआय हवा असेल तर आधी मऊ स्प्रिंग टाकावी लागते. महागडा कंट्रोलर आणण्यापूर्वी हे बघावं.

आणि तरीही चाक फिरलंच तर? चालक पाय काढतो, टर्बो मंदावतो. पाय पुन्हा ठेवला की दाब उशिरा येतो आणि एकदम येतो, चाक पुन्हा सुटतं. हवा सांगितलेलं उशिरा ऐकते, ठिणगी लगेच ऐकते. म्हणून जाणता ट्यूनर चाक सुटताच ठिणगी काही अंश मागे घेऊन ताकद तेवढ्यापुरती उतरवतो. दाबाला हात लावत नाही.

वजनाचा हिशेब मला सगळ्यात आवडतो. गाडी 1200 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर अडीच मीटर. टायर वजनाइतकीच पकड देतात असं धरू. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर उभी असताना तिच्या पुढच्या चाकांवर 720 किलो असतात. ती झेपावते तेव्हा 120 किलो मागे सरकतात, उरतात 600. मागची चाकं ढकलणारी गाडी घ्या. तिच्या मागच्या चाकांवर 600 असतात, त्यांचे झेपावताना 750 होतात. म्हणजे पहिली जेवढा जोर लावते तेवढी हलकी होते, दुसरी तेवढी जड. आपल्या चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय पहिल्या जातीची. तिच्यात मागचं सस्पेंशन कडक करतात, म्हणजे शेपूट बसत नाही आणि नाक उचललं जात नाही. वजनाचं सरकणं त्याने थांबत नाही, पण पुढचे टायर जमिनीवर सपाट टेकून राहतात.

टायरच्या हवेचं मात्र ऐकीव आकड्यावर ठरवू नये. खास ड्रॅगचे मऊ टायर फार कमी हवेवर चालतात. रस्त्याच्या टायरची हवा तेवढी उतरवली तर तो रिमवरून निघेल. एका वेळी एक-दोन पीएसआय बदलायचे, 60 फुटांची वेळ लिहून ठेवायची, मग पुढचा बदल. आणि हे बंद धावपट्टीवरच. भंडारा-तुमसर रस्त्यावर सायकलवरून शाळेत जाणारी पोरं असतात.

आता पुन्हा बांधीत येऊ. फार जोर असलेल्या ड्रॅग गाडीचं नाक उचललं जाऊ नये म्हणून मागे छोट्या चाकांचा दांडा लावतात. ट्रॅक्टरला तसा दांडा नसतो. फसलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लाकूड बांधून रेस देण्याची रीत अजून आहे. लाकूड चिखलात अडकलं की चाक फिरायचं थांबतं, आणि इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच मागच्या आसाभोवती फिरवतं. नाक वर जाऊन ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायला दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात क्लचवर पाय जात नाही. लाकूड बांधू नका. आधी अवजार सोडवा, जमलं तर रिव्हर्सने मागे या, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

पुढच्या आठवड्यात केजव्हील.