नालबंदाचं बलुतं

अ‍ॅशबर्नहून मिडलबर्गकडे निघालं की लाउडन काउंटीतले तबेले दिसू लागतात. मुलांच्या घोडेस्वारीपायी आम्हा काही मराठी घरांचा तिथे राबता आहे. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन, कंबरेत वाकून जुना नाल काढतो, वाढलेला खूर तासतो, नवा नाल मारतो. खिळा जरा आत गेला, तर घोडा लंगडलाच! इथे या कामाला सरकारी परवाना लागत नाही. चांगला हात आपणच पारखायचा आणि जपायचा. गावाकडे लोहाराला वर्षभराच्या कामाचं बलुतं सुगीत खळ्यावरच मिळे. तेव्हा मंडळी, घासाघीस नको. घोडा पुसून तयार ठेवा, पाणी विचारा आणि पैसे त्याच दिवशी हातावर ठेवा.