प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुढे काय?

"डॉक्टरसाहेब, गाठ तर काढली. आता कसली तपासणी?"

आंबेगाव तालुक्यातील सत्तरीचे एक बाबा खोकल्यासाठी माझ्याकडे आले होते. तीन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांचे प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते. वर्षभर तपासण्या केल्या. पुढे त्रास नाही म्हणून फाइल ट्रंकेत गेली. मी रक्तातील पीएसए तपासायला सांगितले. आकडा आला ०.३. महिन्याने पुन्हा पाहिला, तर ०.४.

आकडा दिसायला लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पीएसए प्रामुख्याने प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. पूर्ण ग्रंथी काढल्यावर दीड-दोन महिन्यांत ते जवळजवळ शून्यावर यायला हवे. नंतर वाढून लागोपाठ दोन वेळा ०.२ किंवा जास्त आले, तर आजार परतल्याचे समजतात. लघवी अडकते म्हणून दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन मात्र वेगळे. त्यात ग्रंथीचा भाग शिल्लक राहतो. हा हिशेब तिथे लावू नये.

बाबांचा सीटी स्कॅन आणि हाडांचा स्कॅन नॉर्मल आला. "मग आणखी खर्च कशाला?" मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. कांद्याच्या बराखीत एखादा कांदा सडला की वास आधी येतो, कांदा नंतर सापडतो. पीएसए हा तो वास. इतक्या कमी आकड्याला नेहमीच्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही.

त्यासाठी पीएसएमए पेट-सीटी ही तपासणी आहे. कर्करोगाच्या पेशींवरील एका प्रथिनाला चिकटणारे औषध, अल्प किरणोत्सारी गॅलियम जोडून शिरेतून देतात. तासाभराने यंत्राखाली त्या जागा उजळून दिसतात. गॅलियमचा प्रभाव दर ६८ मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून भीती नको. पाणी भरपूर प्यावे आणि स्कॅनपूर्वी लघवी करून यावी. भारतात पेट तपासणीची सुरुवात २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली; आज पुण्यातही सोय आहे. खर्च आणि सवलतीची चौकशी आधी करावी.

मात्र हीसुद्धा जादू नव्हे. पीएसए ०.२ च्या आत असताना साधारण तिघांपैकी एकाच्याच स्कॅनमध्ये जागा सापडते, ०.२ ते ०.५ असताना सुमारे निम्म्यांत. २ च्या वर गेल्यास शंभरात नव्वदहून अधिक जणांत. म्हणून आकडा वाढू द्यावा, असा अर्थ काढू नका! किरणोपचाराचा लाभ पीएसए ०.५ च्या आत असताना अधिक मिळतो. स्कॅन स्वच्छ आला तरी तज्ज्ञ किरणोपचार सुचवू शकतात.

बाबांच्या स्कॅनमध्ये ओटीपोटातील एक लहानशी लसिका गाठ दिसली. तेवढ्या भागाला किरणोपचार आणि जोडीला हार्मोनची इंजेक्शने सुरू झाली. आणखी दोन वर्षे फाइल ट्रंकेतच राहिली असती, तर कदाचित पाठीच्या कण्यातील वेदनेनेच आजार कळला असता.

जुन्नर-आंबेगावातील वाचकांना एवढेच सांगणे: घरात कोणाचे हे ऑपरेशन झाले असेल, तर सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसे पीएसए तपासा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा आणि प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहा. पुण्याला जाताना ती वही बरोबर न्या.