१६ पैकी ९ : केबलमधला फरक खरंच ऐकू येतो का?

माझ्या एका मित्राने फेलोशिपमधून साठवलेले पैसे स्पीकरच्या केबलवर घातले. जाडजूड, कापडी वेष्टनाची, पाच मीटरची जोडी. लावल्या लावल्या म्हणाला, "तबला बघ, किती मोकळा वाजतोय!" मलाही तसंच वाटलं, आणि तिथेच शंका आली. कारण कुठली केबल लावली आहे हे मला समोर दिसत होतं.

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं होतं असं नाही. फ्लॉईड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० जणांकडून चार स्पीकरना गुण द्यायला लावले, एकदा स्पीकर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. ऐकणारे ऑडिओ कंपनीत काम करणारेच होते. तरी पडदा आल्यावर गुण बदलले.

म्हणून आम्हीही पडदा लावला. पद्धत एबीएक्स. आधी 'अ' ऐकायचं, मग 'ब', मग 'क्ष'. क्ष हा अ किंवा ब यांपैकीच एक असतो, कोणता ते ओळखायचं. तिसरा एक जण नाणं उडवून वायर बदलायचा आणि आमच्याशी एक शब्दही न बोलता बाहेर जायचा (त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळू नये म्हणून). अशा १६ फेऱ्या.

जुनी बारीक वायर विरुद्ध नवी केबल : मित्राची १६ पैकी १४ उत्तरं बरोबर. नुसत्या अंदाजाने १४ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता हजारात दोन. मित्र जिंकला!

पण कशामुळे? जुनी वायर ०.२ चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन १० मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.८६ ओहम रोध. स्पीकर ४ ओहमचा. गणित केलं तर आवाज जवळजवळ १.७ डेसिबलने कमी होतो. शिवाय स्पीकरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीनुसार बदलत असल्यामुळे सगळे सूर सारखे कमी होत नाहीत. एवढा फरक कानाला कळतो. आणि थोडा मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, म्हणून अशा चाचणीत आधी दोन्हींची पातळी जुळवून घ्यावी लागते. आम्ही ती जुळवलीच नव्हती. म्हणजे केबलमधला फरक ऐकू आला हे खरं, पण तो जाडीचा होता, किमतीचा नव्हे.

मग इलेक्ट्रिकलच्या दुकानातून घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर आणली. नव्या केबलची जाडी साधारण ४ चौरस मिलिमीटर. आता दोघींमधला हिशेबी फरक फक्त ०.१५ डेसिबल. पुन्हा १६ फेऱ्या. बरोबर ९.

मी खूश. ग्रुप मीटिंगमध्ये चहाच्या वेळी ऐटीत सांगितलं, "महाग केबलने काही फरक पडत नाही, आम्ही सिद्ध केलं." मॅडमनी एकच प्रश्न विचारला : "फरक असता, तर तुझ्या चाचणीला तो सापडला असता का?"

रात्री बसून आकडे काढले. ५ टक्क्यांच्या निकषाने १६ पैकी किमान १२ बरोबर हवेत. समजा मित्राला खरोखरच थोडा फरक कळतो आणि तो दर वेळी ६० टक्के शक्यतेने बरोबर सांगतो. तरी त्याला १२ किंवा जास्त मिळण्याची शक्यता फक्त १७ टक्के. म्हणजे खरा फरक असूनही सहापैकी पाच वेळा माझी चाचणी 'काही नाही' म्हणणार! हा दुसऱ्या प्रकारचा एरर. पहिल्या प्रकारचा आपण पाठ करतो, दुसरा परीक्षेपुरता. लेस लेव्हेंथाल यांनी १९८६ मध्येच ऐकण्याच्या चाचण्यांबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं. ६० टक्क्यांची क्षमता ८० टक्के खात्रीने पकडायची, तर सुमारे १५० फेऱ्या लागतात.

हाच चष्मा लावून दोन गाजलेले निकाल बघा. विषय केबलचा नाही, सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगचा आहे, पण प्रश्न तोच. मेयर आणि मोरान (२००७) : ५५४ फेऱ्या, २७६ बरोबर, म्हणजे ४९.८ टक्के. जोशुआ रीस यांचं मेटा-ॲनालिसिस (२०१६) : १८ अभ्यास, १२,५०० हून जास्त फेऱ्या, ५२.३ टक्के बरोबर. वाद घालणारे यातला आपल्या सोयीचा एक उचलतात. पण ५५४ फेऱ्यांची ढोबळ ९५ टक्के मर्यादा सुमारे ४५.६ ते ५४ येते, आणि ५२.३ तिच्या आतच बसतो. म्हणजे या दोन आकड्यांचं भांडणच नाही. रीस यांच्या आकड्यातून दिसतो तो फार बारीक फरक, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांना तो जास्त कळला, एवढंच.

माझ्या वहीतलं वाक्य मी खोडून असं लिहिलं : "०.१५ डेसिबलचा फरक अपेक्षित. १६ फेऱ्यांत ओळखता आला नाही. ६० टक्क्यांइतकी क्षमता या चाचणीने नाकारता येत नाही." पूर्वीइतकं झोकदार नाही, पण याच्यावर प्रश्न विचारला तर उत्तर देता येतं.

१५० फेऱ्या करू या का, असं मित्राला विचारलं. त्याने हात जोडले. केबल अजून त्याच्याकडेच आहे, आणि इलेक्ट्रिकलची वायर माझ्या स्पीकरला.