उपग्रह इंटरनेटचा वेग कुठे अडतो?

डोंगराआडच्या गावात उपग्रह इंटरनेट रेंगाळते, त्याला मोठे कारण अंतराचे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात. प्रकाशाच्या वेगानेही विनंती जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. सिनेमा पाहताना ते जाणवत नाही. डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना फार खटकते. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे बहुतेक उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर किंवा त्याखाली फिरतात, त्यामुळे हा विलंब कितीतरी घटतो. पण हे खालचे उपग्रह आकाशात सतत सरकतात, म्हणून अँटेनाला चहूकडे मोकळे आकाश हवे. आंब्याची फांदी आड आली तरी जोडणी अधूनमधून तुटते. मुसळधार पावसातही वेग उतरतो. जोडणी घेण्याआधी छपरावरून आकाश नीट न्याहाळा. झाड आड येत असेल तर ते तोडू नका, अँटेना उंच खांबावर बसवा.