सेलबोटीच्या पोटात वायर ओढताना

शारजाच्या उत्तरेला असलेला हमरिया फ्री झोन १९९५ साली सुरू झाला. कारखाने, गोदामे, खोल बंदर, आणि त्यांच्या जोडीला बोटी बांधणारी व दुरुस्त करणारी यार्डे. अशा यार्डात टेकूंवर उभी केलेली बारा मीटरची जुनी सेलबोट पाहिली, की वाटते, हिच्यात वायरिंग ते असून असून किती असणार? आपल्या टू बीएचकेपेक्षा कमीच! पण तिचे वायरिंग बदलायला घेतलेल्या माणसाला विचारा. त्याचा बराचसा वेळ वायर जोडण्यात जातच नाही, वायरपर्यंत हात पोहोचवण्यात जातो.

फायबरच्या अनेक सेलबोटींत बाहेरचे कवच एका साच्यात घडते. बाके, झोपायचे बंक, कपाटांचे तळ हा सगळा आतला भाग दुसऱ्या साच्यात तयार होतो आणि पहिल्यात बसवून चिकटवला जातो. वरून डेकचे झाकण. वायरी राहतात या दोन कवचांमधल्या सांदीत, नाहीतर पाण्याच्या टाकीमागे. बोट नवी बांधताना डेक बसायच्या आधी सगळे उघडे असते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली गेली (ती २००९ साली नौदलाला मिळाली), तेव्हा वायरी कुठून न्यायच्या हे आधी ठरवायची सोय होती. जुन्या बोटीत ती नसते. जिथे हात जातो तिथूनच वायर न्यावी लागते.

मग लांबून नेली तर काय बिघडले? घरी २३० व्होल्टवर काही बिघडत नाही. बोटीत मात्र बहुधा १२ व्होल्ट असतात, आणि तिथे प्रत्येक मीटर महाग पडतो. समजा, बॅटरी मागे आहे आणि पुढच्या भागातला पाणी उपसणारा पंप ५ अँपियर घेतो. अशा महत्त्वाच्या उपकरणासाठी ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टपर्यंतच घट चालवून घेतात. सरळ मार्ग ११ मीटरचा असेल, तर जाऊन-येऊन २२ मीटर तांबे लागते. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.३२ व्होल्ट पडतात. चालेल. वळसा घेऊन मार्ग १५ मीटरचा झाला, की तीच घट ०.४३ होते, म्हणजे पुढची, १० चौरस मिलिमीटरची वायर आली. ती जाड, ताठ, वळायला नाराज. म्हणजे जागा अडचणीची म्हणून वळसा घेतला, आणि वळशामुळे आणखी जाड वायर त्याच अडचणीतून न्यायची वेळ आली.

यापुढची अडचण वळणांची. दोर खांबाभोवती गुंडाळला की थोड्या जोराने मोठा भार रोखता येतो. सेलबोटीवरची विंच याच तत्त्वावर शिडाची दोरी धरून ठेवते. ऑयलरने याचे गणित मांडले: ताण वळणाच्या कोनाबरोबर बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. पाइपमधल्या वायरीला हाच नियम उलटा बाधतो. घर्षणांक ०.४ धरला, तर प्रत्येक काटकोनी वळण ताण सुमारे १.९ पट करते. चार वळणांनंतर तो १२ पट! अलीकडे एक किलोचा जोर लागत असेल, तर पलीकडे बारा किलोचा.

आता मधोमध एक झाकण पाडा. आधी दोन वळणे ओढून सगळी वायर तिथे बाहेर काढायची, मग उरलेली दोन. प्रत्येक टप्प्यात ताण साडेतीन पटच. घरचा वायरमन पाइपात संगजिऱ्याची पूड टाकतो, तिनेही घर्षण निम्म्यावर आले तर फायदा अगदी तेवढाच. दोन्ही केले, तर दुपटीहून कमी. योग्य जागी पाडलेले हाताएवढे भोक मला कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाचे वाटते. भोक गोलच हवे, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात ताण एकवटून तडा जातो. भार पेलणाऱ्या आडभिंतीला आणि तळाच्या फासळ्यांना मात्र हात लावायचा नाही. जुनी वायर काढताना तिच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधावी, म्हणजे वायर निघते आणि दोरी मागे राहते. नवी वायर तिलाच बांधून आणायची, आणि तिच्यासोबत आणखी एक दोरी पुढच्या माणसासाठी.

तो पुढचा माणूस बहुधा आपल्याच देशातला, इंजिनच्या बाजूला छातीवर पालथा पडलेला. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात, उघड्यावर काम करायला बंदी आहे. बोटीचे पोट ना उन्हात, ना उघड्यावर. पण तिथली हवा हलत नाही आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, सावली असो वा नसो. ती बंदी हलच्या आतही पाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात रेझिन आणि अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच साचते, नेमकी त्याच्या नाकाशी. घामाने ओल्या त्वचेचा विद्युतरोध खूप घटलेला असतो, म्हणून धक्क्यावरून येणारी २३० व्होल्टची केबल नुसती स्विचने बंद न करता उपसून ठेवायची, बॅटरीही सोडवायची. आत हवा फेकणारा पंखा लावायचा, आणि हॅचपाशी एक माणूस बसवायचा, ज्याला दुसरे कुठलेही काम दिलेले नाही.