हनुवटीवरचे केस : ऐकीव काय, खरं काय

वस्तरा लावला की केस राठ होतात, या भीतीने जळगाव-धुळ्यातही मुली हनुवटीवर दोरा ओढून घेण्याचा त्रास काढतात. ही समजूत शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोगाने खोडून काढली. वस्तऱ्याने केसाचं टोक बोथट होतं, म्हणून ते हाताला खरखरीत लागतं. मुळाला काहीच होत नाही.

बाईच्या चेहऱ्यावर राठ, काळे केस येण्याचं सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड. त्यासोबत पाळी लांबते, मुरमं येतात. यात मुलीचा काडीचाही दोष नाही, आणि ‘लग्न झालं की जाईल’ या सल्ल्याला अजिबात अर्थ नाही. डॉक्टरांनी यावर दिलेल्या गोळ्यांचा गुण दिसायला सहा महिने तरी लागतात. महिन्याभरात त्या सोडू नका.

मात्र केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, टाळूवरचे केस विरळ झाले, तर लगेच डॉक्टर गाठा. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना, हे तपासावं लागतं.

लेझर करायचं तर कोणतं यंत्र वापरणार, हे आधी विचारा. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. रापलेली कातडी लेझरने भाजते, डाग पडतात; म्हणून खानदेशातला चैत्र-वैशाख टाळून दिवाळीनंतर सुरुवात करावी. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही.

आणि गोरेपणासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टिरॉइडचं मलम आजच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते महिनोन्महिने लावल्यानेही चेहऱ्यावर लव वाढते.